वजनात बसेपर्यंत

रत्नमाला स्कूटरजवळ आली तसा देवाजीने हात वर केला, आणि तिने धावता धावताच बोलायला सुरुवात केली.

"काल सासूबाईनं भाजीत मीठ जास्त झालं मनून ताट सरकवलं आन् मंग सोताच उठून फ्रिजमधली... फ्रिजमधली..."

"तुटलं," देवाजी म्हणाला. "वाक्य तुटलं तुहं. चाल आता."

"फ्रिजमधली खीर खाल्ली!" ती पुढे जाता जाता ओरडली. एवढी चांगली गोष्ट अर्धी सोडणं तिच्या जिवावर आलं होतं.

"चाल मनलं ना!"

ती चालू लागली. नियम त्याचाच होता. एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर धावायचं, तुटलं की पुढच्या विजेच्या खांबापर्यंत चालायचं. सेक्टरच्या मागचा हा रस्ता सकाळी रिकामा असे. एका अंगाला क्वार्टरांच्या मागच्या भिंती आणि त्यांवरून बाहेर लोंबणाऱ्या शेवग्याच्या फांद्या, दुसऱ्या अंगाला बंद पडलेल्या शाळेचं मैदान. पहिल्या शिफ्टचे लोक केव्हाच प्लांटमध्ये गेलेले, जनरल शिफ्टचे अजून आंघोळीत. देवाजी स्कूटर स्टँडला लावून तिच्यावर आडवा बसे आणि बहिणीची पाण्याची बाटली मांडीवर धरून ठेवी. त्याला स्वतःला पाणी मोजूनमापून होतं. एक दिवसाआड मशीनवर रक्त धुऊन घेणाऱ्या माणसाने तहान लागली की चूळ भरायची आणि थुंकून टाकायची, असं त्याला सांगितलेलं होतं. बाटली तिच्यासाठी होती, पण धरताना तो ती दोन्ही हातांनी धरायचा.

"हळू करत जाय," ती परत आली तेव्हा तो म्हणाला. "नवी कोक ओव्हनची भट्टी पेटवताना एकदम नाई आग लावत. रोज थोडं, रोज थोडं. महिना महिना नुसतं तापवत बसा लागते. घाई केली का इटा तडकते. आतून. बाहेरून दिसत बी नाई."

"मी भट्टी होय काय?"

"भट्टी बरी. तिले सासू नसते."

ती हसली, आणि हसता हसता धावता येतं हे तिला त्या दिवशी कळलं.

देवाजी कोक ओव्हनवर नोकरीला लागला तेव्हा हडकुळा, लांब पायांचा पोरगा होता. प्लांटच्या टीमकडून तो दहा हजार मीटर धावायचा. राउरकेला, बोकारो, दुर्गापूर, जिथे जिथे पोलाद तिथे तिथे तो पळून आला होता. त्याचे कप अजून शोकेसमध्ये होते. त्याची बायको वंदनावयनी त्यात कानातली आणि सेफ्टी पिना ठेवायची. पळणाऱ्याला कसलं बीपी, असं म्हणून त्याने आयुष्यात कधी बीपी मोजून घेतलं नाही, आणि बीपीने गुपचूप दोन्ही किडन्या खाऊन टाकल्या.

रत्नमाला आपली एक किडनी त्याला देणार होती. धावणं त्यासाठी होतं.

वंदनावयनीला शुगर, तिचं जमणार नव्हतं. मुलगा मोनू विशीतला, धडधाकट. पण त्याचं नाव वयनीने घरात काढू दिलं नाही. पोराचं अजून लग्न व्हायचं आहे. रत्नमालाचं काय, तिचं सगळं होऊन गेलं होतं. लग्न, मुलगी, मुलीची बारावी, सगळं. रक्तगट जुळला, आणखी जे काय जुळवतात तेही जुळलं. जुळलं नाही ते वजन. रायपूरच्या डॉक्टरांनी एक आकडा सांगितला, आणि त्याच्या खाली आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही म्हणाले. तिच्या नवऱ्याने, भूपेंद्रने, संमतीची सही दिली, पण एका अटीवर. ऑपरेशन होईपर्यंत त्याच्या आईला यातलं काही कळता कामा नये.

मग चाळिशी ओलांडलेली सून रोज सकाळी बूट घालून जाते कुठे, हे सासूला काय सांगायचं?

"शर्यत हाय मनून सांग," देवाजी म्हणाला होता.

"कोनती शर्यत?"

"डिसेंबरात हाय ना रायपूरकडे. पन्नास किलोमीटरची."

पाच सांगता आलं असतं. पण पाचासाठी कोणी महिनोन्‌महिने घाम गाळत नाही, एवढं सासूला, सत्यभामाबाईंनाही कळलं असतं. शिवाय देवाजीला स्वतःला एकदा ती धावायची होती. रिटायर झाल्यावर, म्हणायचा. तेव्हा पन्नास. सत्यभामाबाईंनी पहिल्यांदा कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवात सगळ्या बायांना सांगितलं, "आमची सून पन्नास किलोमीटर पळनार हाय. डोकं फिरलं तिचं, पन पळनार हाय." लहान खोटं विसरता येतं. एवढं मोठं बोललं की त्याला जागावं लागतं.

म्हणून ती जागत होती. आधी नुसतं चालणं, मग खांबाआड धावणं, मग दोन खांब. वंदनावयनी देवाजीच्या हाती रोज डबा पाठवायची, त्यात उकडलेले मूग, काकडी आणि बिनतेलाचं काहीतरी, ज्याला नाव नव्हतं. रविवारी देवाजी तिला मार्केटमधल्या औषधाच्या दुकानात न्यायचा. ती चपला काढून काट्यावर उभी राहायची, आणि तो तिच्या खांद्यावरून वाकून बघायचा. आकडा उतरला असला की त्याच्या नाकातून हलका श्वास सुटायचा, तिच्या मानेवर. आकडा तसाच असला की पुढच्या डब्यातून मूगही कमी व्हायचे.

पाऊस ओसरल्यावर त्याने तिला पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर सोडलं. रिसालीवरून उतईकडे जायचं, वाटेत एक चिंचेचं झाड आहे तिथपर्यंत, झाडाला हात लावायचा आणि फिरायचं. तो अलीकडे पेट्रोल पंपाजवळ थांबणार होता.

"शर्यत नोको लावू कोनासंग," तो म्हणाला. "सायकलवाल्यासंग बी नाई. लांब पळनं मनजे लांब येळ पायावर राहनं, बस. पळता नाई आलं तं चाल. चालता नाई आलं तं थांब, गुळाचा खडा खाय. पन बसू नोको. बसलं का संपलं."

सुरुवातीला नेहमीसारखंच झालं. शरीराच्या तक्रारी. डावा गुडघा, काखेत काचणारी शिवण, पोटात हिंदकळणारा चहा. मग दुपारच्या जेवणानंतर पाहुणे एकेक करून निघावेत तशा तक्रारी निघून गेल्या. कोण कधी गेलं तेही कळलं नाही. घर रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या घरात ती एकटीच होती. दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलेलं. बांधावरून जाणारी एक बाई थांबून बघू लागली.

"कहाँ भागत हस ओ दीदी?"

"अइसने!" रत्नमाला ओरडली. उगाच. आणि तिला वाटलं, आपण उगाच असं काही शेवटचं केव्हा केलं होतं? शोधूनही सापडेना.

चिंचेचं झाड आलं. तिने ते पाहिलं, त्याच्या सावलीतून गेली, हात लावला नाही आणि फिरलीही नाही.

ती परत आली तेव्हा ऊन चढलं होतं. देवाजी स्कूटरवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा नेहमीच राखाडी असायचा, आज जास्त होता.

"झाड नाई दिसलं?"

"नाई दिसलं."

"चिंचेचं झाड. हत्तीएवढं."

"बोलून राहिली होती मी. सोतासंगच."

त्याने बाटली पुढे केली. ती पाणी पीत असताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता. कोणी पाणी पीत असलं की तो एरवी नजर दुसरीकडे वळवायचा. आज वळवली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने पूर्वी बऱ्याचदा आरशात पाहिलेलं होतं.

"चांगलं झालं," शेवटी तो म्हणाला. "भल्लं उतरलं असन आज. उद्या काट्यावर पाहू."

तिने मान हलवली. काट्याची आठवण तिला त्या सगळ्या वाटेत एकदाही झाली नव्हती.

रायपूरच्या तपासणीची तारीख आली तेव्हा वजन आकड्याच्या जरासं वर अडकून बसलं होतं. आठवडाभर मूग बंद करूनही हलेना. आदल्या सकाळी देवाजी मोनूचा रेनकोट आणि दोन स्वेटर घेऊन आला.

"हे घाल."

"या उन्हात?"

"पहिलवान काय करते? काट्याच्या आदल्या दिवशी घाम काढते. पानी नाई प्यायचं आज. घरी गेल्यावर बी घोटभरच."

"तुह्यासारखंच."

"हो. माह्यासारखंच."

दोघांनाही ते फार हुशारीचं वाटलं. ऑक्टोबरचं ऊन, अंगावर स्वेटरं, त्यावर रेनकोट. लोक वळून वळून बघत होते. ती उतईच्या रस्त्याने गेली आणि परत आली, आणि आल्यावर तिने रेनकोटची बाही उलटी केली तर त्यातून धार लागली. देवाजी असा हसला की त्याला दम लागला.

संध्याकाळी ती बाथरूममध्ये गेली आणि खाली बघून तशीच उभी राहिली. कोऱ्या चहासारखा रंग होता. तिने बादलीभर पाणी ओतलं आणि बाहेर येऊन पोळ्या लाटल्या. कोणाला काही सांगितलं नाही. उपाशी माणसाचं शरीर काहीही करतं, असं मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काट्याने तिला पास केलं. देवाजी इतका खूश झाला की हॉस्पिटलच्या दारात त्याने तिला भजी घेऊन दिली आणि स्वतः एक खाल्लं, मीठ चालत नसताना. मग रक्त दिलं, लघवी दिली, सोनोग्राफी केली आणि दुपारी डॉक्टरांसमोर बसले.

डॉक्टर रिपोर्ट दोनदा वाचून म्हणाले, "कल क्या किया था इन्होंने?"

देवाजीने सांगितलं. सुरुवातीला जरा अभिमानानेच सांगत होता; रेनकोटपर्यंत येता येता त्याचा आवाज बारीक झाला.

"जो किडनी इनसे लेनी है," डॉक्टर म्हणाले, "उसी को निचोड़ के ले आए?"



लांब धावल्यावर, त्यात पाणी न पिता, लघवीत रक्त आणि प्रोटीन येतं, त्यांनी सांगितलं. दोनचार दिवसांत आपोआप जातं. पण आपल्याला कागदावर स्वच्छ रिपोर्ट लागतो. तीन आठवड्यांनी परत या. "टेस्ट के पहले चार दिन दौड़ना बंद. बिलकुल बंद. फिर ऐसा ही आया तो मैं केस आगे नहीं रखूँगा. आप दूसरा डोनर देखिए."

"नहीं आएगा, सर," देवाजी म्हणाला. "मेरी गलती थी."

तो उठला. रिपोर्ट पॉलिथिनच्या पिशवीत सरकवू लागला. रत्नमाला उठली नाही.

"सर, ऑपरेशन के बाद... दौड़ सकते हैं?"

"क्यों नहीं? नॉर्मल लाइफ रहेगी. घूमिए, थोड़ा दौड़िए भी."

"पचास किलोमीटर?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. आतापर्यंत ते तिच्या कागदांकडे बघत होते. "एक किडनी पे? हमारे यहाँ की धूप में?" ते जरा थांबले. "कोई करता भी होगा. पर मेरी बहन होती तो मैं मना करता."

पॉलिथिनची चुरचुर थांबली. देवाजीचा हात पिशवीत तसाच राहिला होता.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा तिने त्याला दिली. कुम्हारी स्टेशन गेलं. एक बाई पेरू विकत आली, पुढे गेली.

"पन्नासचं कावून पुसलं?" देवाजी म्हणाला.

"असंच."

"शर्यत तं खोटी हाय ना वो."

"खोटी कावून? सासूबाईनं पुऱ्या सेक्टरले सांगतलं."

तो हसला. पण हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ टिकला. तिने त्याची पाठ चोळली. त्याच्या डाव्या हाताला, मशीनच्या सुईसाठी शीर जोडलेली होती तिथे, कातडीखाली गुरगुर चालू असायची. तिचा हात चुकून लागला आणि तिने तो काढून घेतला.

"लहानपनी तू कधी पळताना दिसली नाई मले," तो म्हणाला. "आता पळते तं वाटते, हे पाय कुठं होते एवढे दिवस? मैदानावर येऊन बसायची तू, पन पळायची नाई."

"कोनं पळू देल्लं असतं? आन् येळ कुठं होता? तुहे बूट धुवत होती मी. ती लाल माती, दादा, ब्रशनं बी निघत नव्हती."

ती चेष्टेतच म्हणाली होती. तिला खरंच ती चेष्टा वाटत होती. चरोदा आलं तरी देवाजी खिडकीबाहेर बघत होता, आणि पावर हाउस स्टेशनवर उतरताना त्याने तिचा हात धरला नाही. एरवी पायऱ्यांवर धरायचा.

पुढचे आठवडे ती चांगली धावली. एवढी चांगली यापूर्वी कधी धावली नव्हती. वजन आता न सांगता उतरत होतं, काट्यावर उभं राहायचं दोघंही विसरू लागले. देवाजी मात्र बोलायचा कमी. "बोल" म्हणून ओरडायचा नाही. ती जवळून गेली की नुसती बाटली वर करायचा, आणि ती लांब जाऊन वळणाआड होईपर्यंत बघत राहायचा.

एकदा जेवताना भूपेंद्र म्हणाला, "तुले नाई पटत असन तं सांग. मी सही वापस घेतली मनून सांगू. माह्यावर येऊ दे सगळं, माहं काय जाते?"

ती त्याच्यावर एवढी भडकली की सत्यभामाबाई आतून विचारत आल्या, काय झालं. "काही नाई," ती म्हणाली. "हे मनते शर्यत सोडून दे."

"आता सोडते?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "माह्यं नाक कापाले?"

दुसऱ्या तपासणीच्या आठवड्यात वंदनावयनी आली. सासूबाई भजनाला गेल्याची वेळ साधून आली होती. पिशवीत नारळ, तांदूळ, खण आणि हळदीकुंकवाचा करंडा. रत्नमालाला तिने पाटावर बसवलं आणि पदर पसरायला सांगितला.

"वयनी, हे कावून?"

"असू द्या ताई. तुमी माह्यं कुंकू वाचवून राहिल्या. माह्याकडं द्यायले दुसरं काय हाय?"

तिने ओटी भरली. मग वाकून पाया पडली. लग्न होऊन आल्यापासून नणंदेला फुकटची खाणारी म्हणणारी वयनी वाकली तेव्हा तिचे गुडघे मोडल्याचा आवाज आला. रत्नमालाने तिला उठवलं नाही. तिच्या दोन्ही हातांत पदर होता, आणि पदरात तांदळाचं वजन. तिला वाटलं, माहेरून निघालेल्या मुलीची ओटी भरतात. किंवा परत न येणारीची.

"वयनी," ती म्हणाली, "मोनूचा रक्तगट काय हाय?"

वंदनाचा हात करंड्याच्या झाकणावर थांबला.

"कावून?"

"असंच पुसलं."

वंदनाने झाकण लावलं. ते नीट बसलं नव्हतं, तरी तिने परत लावलं नाही. "नारळ फोडू नोका," ती निघताना म्हणाली, बहिणीशी नाही, सोयऱ्यांशी बोलतात तसा आवाज काढून. "देवाजवळ ठेवा. ऑपरेशन झाल्यावर फोडू."

धावणं बंद करायचे ते चार दिवस आले. पहिल्या दिवशी रत्नमालाने पडदे धुतले. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची भांडी काढली आणि घासून परत ठेवली. तिसऱ्या दिवशी तिला काही सापडेना, तेव्हा तिने मुलीशी भांडण काढलं. चौथ्या दिवशी, तपासणीच्या आदल्या सकाळी, ती दूध आणायला म्हणून निघाली. डेअरी समोरच्या गल्लीत होती. ती मागच्या रस्त्याने गेली.

शाळेच्या मैदानापाशी देवाजी स्कूटरवर बसलेला होता.

दोघंही एकमेकांना बघून चपापले.

"मशीनवरून आल्यावर झोप नाई लागत," तो म्हणाला. "वाटलं, हवा खाऊ."

"मी दुधाले चालली."

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. ती चपला घालून निघाली नव्हती. बूट होते, लेस न बांधता, टोकं आत खोचलेली. तिनेही खाली पाहिलं, जणू ते आत्ताच दिसत होते.

"सवय झाली," ती म्हणाली.

"हो. सवय होते."

ती स्कूटरला टेकून उभी राहिली. प्लांटच्या बाजूला आभाळ गढूळ होतं. एक कुत्रं मैदानातून तिरपं चालत गेलं. देवाजीचं मनगट सुजलं होतं, घड्याळाचा पट्टा मांसात रुतला होता. काल मशीनवर बसूनही सूज उतरली नव्हती.

"वंदनानं बॅग भरून ठेवली," तो म्हणाला. "दोन महिन्याचे कपडे. स्वेटर बी टाकले. मी मनलं अवं, उद्या नुसती टेस्ट हाय. आयकतच नाई."

"भरू दे."

"रात्री उठून बॅगेची चेन उघडून पाहते. सगळं हाय का मनून."

दुधासाठी आणलेल्या पिशवीचे बंद रत्नमालाने बोटाला गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले. देवाजीने खिशातून रुमाल काढला आणि स्कूटरचा आरसा पुसायला घेतला.

"गुडघा कसा हाय?" त्याने विचारलं.

"चांगला हाय."

"श्वास?"

"चांगला."

तो आरशावर वाकला. फुंकर मारली, पुसला. काचेत त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"मंग आज लांबचा कर."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पुसत होता.

"दादा, उद्या..."

"उद्या काय हाय ते मले माहीत हाय." त्याने हात पुढे केला. "पिशवी दे इकडं. दूध मी पोचवतो तुह्या घरी. लेस नीट बांध. उतईच्या पुढं जाय. ऊन चढायच्या आत येजो."

तिने पिशवी दिली. त्याने ती स्कूटरच्या हुकाला अडकवली. ती खाली वाकली आणि लेस बांधू लागली. एका पायाची बांधून झाली, तरी तिने ती सोडून परत बांधली. दुसऱ्या पायाचीही. तिला वाटलं, आता तो म्हणेल. चेष्टा केली, म्हणेल. जाय, दूध घे, म्हणेल. उभी राहिली तेव्हा तो अजून आरसा पुसत होता, आणि आरसा केव्हाच स्वच्छ झालेला होता.

रत्नमाला निघाली. त्याने हाक मारली तर ऐकू येईल, इतक्या हळू ती आधी धावली. रिसालीचं वळण आल्यावर तितकी हळू धावली नाही.